पाचवी जोडी

मास्तरांना शाळेतली पोरं 'अपेक्षित' म्हणायची. तोंडावर 'सर', पाठ वळली की 'अपेक्षित'. कारण उघड होतं. परीक्षेत काय येणार ते मास्तरांना आधी ठाऊक असायचं, आणि जे ठाऊक असायचं ते पिवळ्या कव्हरात छापून बाजारात मिळायचं. मूळ धडा वाचला नाही तरी चालेल, मास्तरांचं गाईड पाठ पाहिजे. एकतीस गाईडं लिहिली होती त्यांनी. भाषेची, इतिहासाची, नागरिकशास्त्राची. एकदा भूगोलाचे सर आजारी पडले तर भूगोलाचंसुद्धा, आणि त्यात एका नदीला त्यांनी खुशाल उलटं वाहायला लावलं होतं. दोन वर्षं पोरांनी नदी तशीच वाहवली आणि दोन वर्षं तपासणाऱ्यांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले, कारण तपासणाऱ्यांच्या हाताशीही तेच गाईड होतं.

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, पुढे सांगावंसं वाटणार नाही.

एकच खोड होती. 'मला माहीत नाही' असं त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. रस्त्यात कुणी पत्ता विचारला आणि ती गल्ली मास्तरांनी जन्मात पाहिली नसली, तरी 'सरळ जा आणि डावीकडे वळा' ठरलेलं. बायको म्हणायची, "अहो, एकदा तरी म्हणून बघा की ठाऊक नाही. जीभ झडणार नाही." मास्तर म्हणायचे, "शिक्षकानंच ठाऊक नाही म्हटलं तर पोरांनी कुणाकडे बघायचं?" ती कपाळाला हात लावायची आणि आत जायची.

शाळा सुटली की मास्तर घराच्या वरच्या खोलीत बसायचे. खिडकीखाली टेबल, टेबलावर मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, कात्री आणि खळीचा डबा. प्रश्न कापायचा, कोऱ्या कागदावर चिकटवायचा, खाली उत्तर लिहायचं. उत्तराचं माप ठरलेलं. दोन गुणांना चार ओळी, चार गुणांना नऊ, आणि शेवटची ओळ नेहमी 'यावरून लेखकाची समाजाविषयीची तळमळ दिसून येते'. लेखक कुणीही असो, तळमळ मास्तर घालायचे. प्रत्येक गाईडाच्या कव्हरवर ठळक अक्षरांत छापलेलं असायचं, 'लेखकांशी प्रत्यक्ष चर्चा करून तयार केलेले'. त्यातल्या बहुतेक लेखकांना मरून शंभर वर्षं झालेली. पण कव्हर वाचतंय कोण!

एका लेखकाशी मात्र मास्तरांची खरोखर चर्चा व्हायची. तो त्यांच्याच शाळेत ग्रंथपाल होता, कॉलेजपासूनचा मित्र, अरेतुरेतला. मागच्या इमारतीत प्रयोगशाळेला लागून त्याची खोली होती. गॅसच्या वासात बसून तो फाटकी पुस्तकं दाभण-दोऱ्यानं शिवायचा. आईबाप लहानपणीच गेलेले, थोरल्या बहिणीनं वाढवला. ताई एका कचेरीत फरशा आणि जिने पुसायची, त्यावर हा शिकला. ताईनं लग्न केलं नाही की तिचं झालं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आता ती थकून घरी बसली होती. ग्रंथपालानंही लग्न केलं नाही. दोन खोल्यांत दोघं भावंडं राहायची, आणि एकमेकांशी फारसं काही न बोलता त्यांचं सगळं नीट चालायचं.

या ग्रंथपालानं आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं. शहाण्णव पानांचं, नाव 'मांडणीवरचं राज्य'. स्वयंपाकघरातली भांडी एक दिवस मालकाला हाकलतात आणि स्वतःचं राज्य मांडतात, अशी गोष्ट. पण राज्य चालवायचं कसं, यावर एकमत होत नाही. तराजू म्हणतो, नियम सगळ्यांच्या वर, मालक असो नाहीतर वाटी. मोठं पातेलं म्हणतं, घरात आहे ते सगळ्यांचं, कुठल्याच डब्याला झाकण नको. सुरी म्हणते, भीती असली की सगळे जागच्या जागी राहतात. मापटं म्हणतं, ज्याचं त्यानं मापून द्यावं, मापून घ्यावं, राज्य हवंय कशाला? चौघं भांडतात, चौघांची भाषणं होतात, चमच्यांची चंगळ होते. कोपऱ्यात एक पोतेरं असतं, फरशी पुसायचं. ते कुणाच्याच बाजूचं नसतं, कारण त्याला कुणी विचारतच नाही. शेवटी मोरीची भिंत फुटते, पाणी आत येतं. भाषणं चालूच राहतात, आणि पोतेरं जाऊन त्या भोकात बसतं. घर वाचतं. ते कुणामुळे वाचलं हे कुणालाच कळत नाही, आणि पुस्तक संपतं.

शिकलेल्या माणसाला हे चौघं ओळखायला वेळ लागत नसे. राजालाही कोर्टात उभं करा म्हणणारा कायद्याचा पंडित, जमीन सगळ्यांची म्हणणारे दाढीवाले आचार्य, भयाचं शास्त्र लिहिणारा सेनापती आणि बाजार मोकळा सोडा म्हणणारा व्यापारी तत्त्वज्ञ. इतिहासाच्या पुस्तकात या चौघांचे चौकटीतले फोटो होते आणि चौकाचौकांत पुतळे. पुस्तक पहिली चार वर्षं कुणी विकत घेतलं नाही. मग मास्तरांनीच खटपट केली, अभ्यासक्रम समितीत ओळख होती तिथे शब्द टाकला, आणि 'मांडणीवरचं राज्य' दहावीला लागलं. हे श्रेय मास्तरांचंच, नाकारून चालणार नाही.

ग्रंथपालाला आनंद झाला का? थोडासा झाला. म्हणाला, "म्हणजे आता पोरांना ते सक्तीनं वाचावं लागणार. बिचारी."

"वाचावं कशाला लागतंय," मास्तर म्हणाले, "मी आहे ना."

आणि कागद पुढे ओढून विचारलं, "चल, सांग. तराजू म्हणजे पंडित. लिहू?"

"अरे, तराजू म्हणजे पंडित असं नाही. पंडित त्यात आहे, पण थोडा. थोडा आपला हेडमास्तर आहे. भांडणात तराजू शेवटी स्वतःच्याच पारड्यात बसतो ना, ते पंडितानं कधी केलं नव्हतं. ते मी एका वकिलाला करताना पाहिलं. मोठ्या माणसाचा विचार घ्यायचा आणि तो ओळखीच्या माणसाच्या अंगात घालून बघायचा, बसतो का. कुठे सैल होतो, कुठे काखेत फाटतो. गोष्ट त्या फाटण्याची असते."

"थोडा थोडा नाही चालत," मास्तर म्हणाले. "गुण एक असतो. अर्धा पंडित लिहिला तर शून्य मिळेल पोराला."

ग्रंथपाल हसला. मित्र होता, सोडून दिलं त्यानं. तराजू पंडित, पातेलं आचार्य, सुरी सेनापती, मापटं व्यापारी, चार जोड्या लागल्या. आणि इथं घोडं अडलं. 'जोड्या लावा' हा प्रश्न परीक्षेत वर्षानुवर्षं पाच गुणांचा. चार जोड्यांचा प्रश्न बोर्डाच्या इतिहासात कधी आला नव्हता. डावीकडे पाच, उजवीकडे पाच. त्याशिवाय तक्ता भरल्यासारखा दिसायचाच नाही.

"पोतेरं कोण?" मास्तरांनी विचारलं.

"ते असंच आहे."

"असंच म्हणजे? चौघं कुणीतरी आहेत, मग पाचवं नसायला काय झालं?"

"नाही सांगता येत."

"अरे, एका गुणाचा प्रश्न आहे."

"मग एक गुण सोड," ग्रंथपाल म्हणाला आणि पुस्तक शिवायला लागला.

एक गुण सोड! हे मास्तरांना सांगणं म्हणजे सोनाराला सांगणं की कस लावू नको. ते घरी आले, टेबलाशी बसले, उजवीकडचा पाचवा रिकामा रकाना बघत राहिले. तिथे 'माहीत नाही' लिहिता येत नव्हतं. मग त्यांना थोर गुरुजी आठवले. थोर गुरुजी म्हणजे 'सोसणं हेच सामर्थ्य' हा विचार सांगून गेलेले जुने विचारवंत. त्यांनी आयुष्यभर अपमान सोसले, तुरुंग सोसला आणि सगळ्यात जास्त म्हणजे अनुयायी सोसले. पोतेरंही सोसतंच की! मास्तरांनी मांडीवर थाप मारली आणि लिहून टाकलं, 'पोतेरे : थोर गुरुजी'. खाली नऊ ओळींचं स्पष्टीकरण आणि शेवटी तळमळ.

त्या वर्षी बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत हाच तक्ता आला. प्रश्न काढणाऱ्यानं तो गाईडातूनच उचलला होता, हे सांगायला नकोच. हजारो पोरांनी पोतेऱ्यापासून थोर गुरुजींपर्यंत पट्टीनं रेघ ओढली. ग्रंथपालाला ते कळलं एका पोरीच्या वहीतून. तो तसाच वही घेऊन मास्तरांच्या वर्गाबाहेर येऊन उभा राहिला.

"हे मी तुला कधी सांगितलं?"

"अरे, तू सांगितलं नाहीस, म्हणूनच तर लिहावं लागलं."

"काढून टाक."

"पुढच्या आवृत्तीत काढतो. शब्द माझा."

पुढच्या आवृत्तीत मास्तरांनी ती ओळ ठळक केली आणि शेजारी चांदणी काढली, कारण आता ती परीक्षेत येऊन गेली होती.

अशी सहा वर्षं गेली. ग्रंथपालानं पुन्हा विषय काढला नाही, आणि त्यानं काढला नाही म्हणजे त्याला पटलं, असा सोयीचा अर्थ मास्तरांनी काढला. आपल्या सोयीचं असलं की माणसाला मौनसुद्धा वाचता येतं.

सातव्या वर्षी निवडणुकीत थोर गुरुजींचे अनुयायी निवडून आले. शाळेच्या मंडळावर त्यांचाच माणूस अध्यक्ष म्हणून बसला. या अध्यक्षांची नात दहावीला होती. अध्यक्ष जेवत होते आणि शेजारच्या खोलीत नात येरझाऱ्या घालत घोकत होती, "पोतेरं म्हणजे थोर गुरुजी, पोतेरं म्हणजे थोर गुरुजी." अध्यक्षांचा घास हातातच राहिला.

चार दिवसांत सगळीकडे बोंबाबोंब. थोर गुरुजींना पोतेरं म्हटलं! मोर्चा आला. ग्रंथालयाच्या काचा फुटल्या, 'मांडणीवरचं राज्य'च्या प्रती मैदानात फेकल्या गेल्या. ते पुस्तक मोर्चातल्या एकानंही वाचलेलं नव्हतं. गाईड सगळ्यांनी वाचलं होतं. आणि गंमत बघा, जन्मभर सोसायला शिकवणाऱ्या माणसाच्या चेल्यांना शहाण्णव पानांतलं एक पोतेरं सोसवेना. गाईडाबद्दल मात्र कुणी ब्र काढला नाही. गाईड काय, जे आहे ते समजावून सांगणारं! लिहिलं ते त्या ग्रंथपालानं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही.

मंडळानं चौकशी समिती नेमली. मंगळवारी दुपारी हेडमास्तरांच्या खोलीत सुनावणी. ग्रंथपालाला बोलावलं आणि साक्षीला मास्तरांना. सोमवारी शाळा सुटल्यावर ग्रंथपाल मास्तरांच्या वरच्या खोलीत आला. इतक्या वर्षांत तो तिथे पहिल्यांदाच येत होता. त्यानं भिंतीवरच्या फळीवर एकतीस गाईडं बघितली, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "पोतेरं म्हणजे ताई आहे."

मास्तरांनी हातातली कात्री टेबलावर ठेवली.

"दुसरं कोण असणार? त्या चौघांचे विचार मी तिच्या कष्टावर वाचले. त्यांच्या पुस्तकांत सगळं सापडलं मला, राजा सापडला, प्रजा सापडली, ती नाही सापडली. चौघांतल्या एकानंही तिला हिशेबात धरलं नव्हतं. म्हणून ती तशीच ठेवली, कुणाचीच जोडी न लावता. आणि तू..." तो थांबला. "जाऊ दे. उद्या दोन गोष्टी कर. एक, सांग की ती जोडी तू मनानं लावलीस, माझ्याशी बोलणं झालं नव्हतं. दुसरी, ताईचं नाव घेऊ नकोस."

"नाव घेतलं तर लगेच सुटशील की!"

"आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येईल, बहिणीला पोतेरं म्हणणारा भाऊ. तिला वाचता येत नाही. तिला कुणीतरी तेवढा एक शब्द सांगेल. पुढचं कोण सांगणार? नको. तू पहिली गोष्ट सांगितलीस की पुरे आहे. तुला काय, फार तर हसतील लोक."

"सांगतो," मास्तर म्हणाले. "अरे, न सांगायला काय झालं?"

बायकोनं खालून सगळं ऐकलं होतं. ग्रंथपाल गेल्यावर ती जिन्यात आली आणि म्हणाली, "सांगाल ना हो नक्की?" मास्तर तिच्यावर खेकसले, "तुला काय वाटतं, मी काय शेपूट घालणारा माणूस आहे?" ती जिना उतरून खाली गेली.

मंगळवारी हेडमास्तरांच्या खोलीत तीन सभासद टेबलापलीकडे बसले होते. मधोमध अध्यक्ष. टेबलावर एक पिवळं गाईड, पान दुमडून ठेवलेलं. मूळ पुस्तक टेबलावर नव्हतंच. ग्रंथपालाला पहिला प्रश्न विचारला, "पोतेरं म्हणजे थोर गुरुजी, हे खरं का?"

"नाही."

"मग कोण?"

"ते मी सांगणार नाही."

"सांगणार नाही म्हणजे तेच आहे," डावीकडचा सभासद म्हणाला, आणि लिहून घेतलं.

मग मास्तरांची पाळी. अध्यक्षांनी गाईडाचं कव्हर त्यांच्यापुढे धरलं आणि त्यावरची ठळक ओळ बोटानं दाखवली. "मास्तर, तुमचा लौकिक मोठा आहे. माझी सगळी नातवंडं तुमच्याच गाईडांवर पास झाली. इथं छापलंय, लेखकांशी प्रत्यक्ष चर्चा करून. ही चर्चा झाली होती का?"

एवढाच प्रश्न होता. 'नाही' म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण मास्तरांच्या डोळ्यांपुढे ती एकतीस पिवळी कव्हरं आली. एकावर 'नाही' म्हटलं की एकतिसांवर 'नाही'. उद्या शिक्षकांच्या खोलीत हशा, परवा वर्गात. 'सर, हे तरी खरं का, की हेही मनानं?' पोरं विचारणार. ज्या माणसाला जन्मात कुणी खोडलं नाही, त्याला दहावीची पोरं खोडणार. मास्तरांची पाचावर धारण बसली. त्यांनी शेजारी बघितलं. ग्रंथपाल त्यांच्याकडेच बघत होता, अगदी निवांत, कारण त्याला खात्री होती.

"चर्चा झाली होती," मास्तर म्हणाले.

"काय झाली?"

"सर्वच पात्रांविषयी झाली होती. सविस्तर."

ग्रंथपालानं मान खाली घातली. मास्तरांकडे त्यानं पुन्हा बघितलं नाही. समितीचा अहवाल सरकारात गेला, आणि पुस्तक अभ्यासक्रमातून गेलं, दुकानांतून गेलं, ग्रंथालयांतून गेलं. ग्रंथपालाला नोकरीवरून काढलं. गाईड आपोआपच बाद झालं, पण प्रकाशकानं मास्तरांना नव्या पुस्तकाचं गाईड लिहायला सांगितलं आणि त्यांनी ते लिहिलं. बत्तिसावं. बायको त्यानंतर जेवायला वाढायची, कपडे धुवायची, सगळं करायची. फक्त वरच्या खोलीत आली नाही.

मास्तर आजही म्हणतात, मित्राला शब्द दिला होता, ताईचं नाव घेणार नाही म्हणून. नाही घेतलं. शब्द पाळला. वा रे शब्द पाळणारे! त्यानं दोन गोष्टी मागितल्या होत्या, त्यातली सोपी तेवढी पाळली.

ग्रंथपाल दुसऱ्या गावी निघून गेला. तिथे एका गोदामात पोत्यांवर नंबर टाकायचं काम मिळालं म्हणतात. ताई त्या दोन खोल्यांतच राहिली, तिचे गुडघे प्रवासाचे नव्हते. सुनावणीला आठ महिने झाल्यावर एका रविवारी दुपारी ती मास्तरांकडे आली. जिना चढून वर आली, दर पायरीला दोन्ही पाय टेकवत. मास्तर उठून उभे राहिले.

"ताई, तुम्ही? या, बसा. पाणी आणू?"

"नको. बसते जरा." तिनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. 'मांडणीवरचं राज्य'. बहुतेक गावातली शेवटची प्रत असावी. "ट्रंकेत कपड्यांखाली होतं, म्हणून राहिलं. मास्तर, त्यानं हे मला कधी वाचून दाखवलं नाही. विचारलं की म्हणायचा, तुला कंटाळा येईल. आता लोक म्हणतात, यातल्या एका पोतेऱ्यापायी त्याची नोकरी गेली. माझ्या भावाचं ज्याच्यापायी वाटोळं झालं ते पोतेरं मला ऐकायचंय. तुम्ही त्याचे मित्र. तेवढं वाचून दाखवा."

नाही कसं म्हणणार? मास्तरांनी पान शोधलं. पान त्यांना पाठ होतं. वाचायला लागले.

"'पोतेरं पूर्वी पडदा होतं, निळ्या फुलांचा. पडद्याची उशी झाली, उशीचं फडकं झालं, फडक्याचं पोतेरं. त्याला अकरापर्यंत आकडे यायचे. अकरा झाले की वळायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं, कारण ते पुसायचं तो जिना अकरा पायऱ्यांचा होता.'"

"आमच्या कचेरीचा जिना अकराच पायऱ्यांचा," ताई म्हणाली. "वळणापर्यंत. मग पुन्हा अकरा."

मास्तरांनी चष्मा सारखा केला आणि पुढे वाचलं. "'पोतेरं सगळ्या गोष्टीत एकच वाक्य बोललं. मोठमोठी भांडी त्याच्यावरून भाषणाला जायची, तेव्हा ते म्हणायचं...'"

"सावकाश या, ओलं आहे," ताई म्हणाली.

पुस्तकात तेच होतं. अगदी तेच. मास्तरांना पुढे वाचवेना.

"मी हेच म्हणायचे हो," ताई म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं. साहेब लोक यायचे, मी खाली मान घालून म्हणायचे, सावकाश या, ओलं आहे. हा लहान असताना शाळा सुटली की वळणावर पाटी घेऊन बसायचा. ऐकलं असणार त्यानं." ती थोडी हसली. म्हाताऱ्या माणसानं लाजावं तसं लाजली. पदर सारखा केला आणि हळूच विचारलं, "मास्तर, एक विचारू? हसू नका. ही मी तर नव्हे?"

घरात आवाज नव्हता. खाली बायको काम करता करता थांबली असावी. मास्तरांच्या ओठांवर 'हो' आलं होतं. ताईच्या तोंडाकडे बघून आंधळ्यालाही कळलं असतं की पोतेरं म्हटल्याचं तिला काडीचंही दुःख नव्हतं. भाऊ घाबरला होता ते उगाच. पण 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग तुम्ही तिथे का नाही सांगितलंत? आणि ताई काही आडपडदा ठेवणारी नव्हती. उद्याच अध्यक्षांच्या दारात जाऊन उभी राहिली असती.

"नाही ताई," मास्तर म्हणाले. "ते थोर गुरुजी आहेत. मोठे विचारवंत होते. तुमच्या भावानंच मला तसं सांगितलं होतं."

"असं होय," ताई म्हणाली. तिनं मांडीवरच्या रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाली, "मीही काय वेडी! माझ्यावर कशाला कोण पुस्तक लिहील? बरं झालं विचारलं ते, नाहीतर उगाच मनात घेऊन बसले असते."

गुडघ्यांवर हात रोवून ती उठली. मास्तरांनी पुस्तक पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्यापुढे धरलं. तिनं ते घेतलं नाही.

"तुमच्याकडेच राहू दे, मास्तर. मला वाचता येत नाही. माझं काही असतं त्यात, तर ठेवलं असतं."

आणि ती जिन्याकडे वळली. मास्तर तिला थांबवायला उठले नाहीत.